गुरुवारचं गाणं, सोमवारच्या बातम्या

मी ज्या टीममध्ये काम करतो तिथे दर आठवड्याला एकच प्रश्न विचारला जातो: मागच्या आठवड्यात ॲपवर आलेली माणसं या आठवड्यात परत आली का? याला आम्ही रिटेन्शन म्हणतो. जाहिरात केली की माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा तो स्वतःच्या मर्जीने येतो, आणि सगळा धंदा त्या दुसऱ्या वेळेवर उभा असतो. एकदा परत यायची सवय लागली की मग त्या स्क्रीनवर बरंच काही खपवता येतं. मीटिंगमध्ये कुणी हे इतक्या उघडपणे बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना असतं.

उम्म कुलसूमबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची ही मीटिंग आठवली. इजिप्तची ही गायिका हंगामात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कैरोत गायची. मैफल कैरो रेडिओवरून थेट प्रसारित व्हायची आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालायची. एकेक गाणं तासभर. मोरोक्कोपासून इराकपर्यंत, चहाच्या दुकानांत, घरांच्या ओसरीवर, लोक रेडिओभोवती गोळा व्हायचे. त्या रात्री अरब शहरांतले रस्ते ओस पडायचे, असं आजही सांगितलं जातं.

त्याच कैरोतून, त्याच सवयीच्या आधाराने, एक सरकार आपलं राजकारण शेजाऱ्यांच्या घराघरांत पोहोचवत होतं. चौदा वर्षं हा प्रयोग असा चालला की आजची कुठलीही कंपनी हेवा करेल. मग एका सोमवारी तो कोसळला. पुढे तीस वर्षांनी वाळवंटातल्या दुसऱ्या एका सरकारने तोच प्रयोग टीव्हीवर केला, आणि त्याच्याही नशिबात एक सोमवार आला.

या दोन सोमवारांची ही गोष्ट आहे.

आधी थोडं मागे

‘सॉफ्ट पॉवर’ हा शब्द अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय यांनी १९९० च्या सुमारास रूढ केला. धमकी किंवा पैसा न वापरता, आकर्षणाच्या जोरावर दुसऱ्याला आपल्या बाजूला वळवण्याची ताकद, असा त्याचा ढोबळ अर्थ. शब्द नवा असला तरी उद्योग जुना आहे.

१९३४ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने बारी या बंदरातून अरबी भाषेत रेडिओ प्रसारण सुरू केलं. अरबी संगीत वाजवायचं आणि मध्येमध्ये ब्रिटिशांविरुद्ध बोलायचं, असा त्याचा बेत. पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि तिथे असंतोष धुमसत होता. लंडनला काळजी वाटली. उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीची अरबी सेवा सुरू झाली. बीबीसीची ही पहिली परदेशी भाषेतली सेवा.

पहिल्याच रात्रीच्या बातम्यांत एक बातमी अशी होती की पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिशांनी एका अरब माणसाला फाशी दिली आहे. म्हणजे अरबांची मनं जिंकायला सुरू केलेल्या स्टेशनने पहिल्याच दिवशी मालकाला अडचणीत आणणारी बातमी दिली. ब्रिटनचं परराष्ट्र खातं वैतागलं. ‘हे कशाला सांगायचं?’ हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार करून बघा. फाशीची गोष्ट पॅलेस्टाइनमध्ये सगळ्यांना कळणारच होती. बीबीसी गप्प बसली असती, तर ती दुसऱ्या दिवशी जे काही बोलली असती त्यावर कुणी का विश्वास ठेवला असता?

ही फाशीची बातमी लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

कैरोचा आवाज

२३ जुलै १९५२ रोजी इजिप्तमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली आणि राजा फारूकला घालवून दिलं. या अधिकाऱ्यांचा खरा नेता होता गमाल अब्देल नासेर, वय ३४. त्याच्यापुढे मोठा प्रश्न होता: इजिप्त गरीब देश, सुएझ कालव्याजवळ अजूनही ब्रिटिश फौज बसलेली, आसपास ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या वसाहती किंवा त्यांच्या मर्जीतले राजे. सैन्याच्या जोरावर शेजारी जिंकणं शक्य नव्हतं.

पण कैरोकडे एक गोष्ट होती जी कुणाकडेच नव्हती. अरब जगातले सिनेमे कैरोत बनायचे. मोठे गायक कैरोत राहायचे. प्रत्येक अरब देशाची बोली वेगळी, इतकी की मोरोक्कोच्या माणसाचं बोलणं इराकच्या माणसाला नीट कळत नाही. कैरोची बोली मात्र सिनेमांमुळे आणि गाण्यांमुळे सगळ्यांच्या कानांवर पडलेली. एका भाषेचं इतकं मोठं मार्केट तयार होतं, फक्त त्यातून राजकारण पाठवायचं बाकी होतं.

४ जुलै १९५३ रोजी कैरो रेडिओवर ‘सौत अल-अरब’, म्हणजे ‘अरबांचा आवाज’, हा अर्ध्या तासाचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा प्रमुख होता अहमद सईद नावाचा तरुण निवेदक. सईदचा आवाज गरजायचा, हिणवायचा, टोमणे मारायचा, मध्येच रडवेला व्हायचा. काही वर्षांतच अर्ध्या तासाचे कित्येक तास झाले आणि कार्यक्रमाचं स्वतंत्र स्टेशन झालं.

वेळही अचूक होती. बहुसंख्य अरब तेव्हा निरक्षर होते, त्यामुळे वर्तमानपत्राचा उपयोग मर्यादित. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओला वायर लागेनाशी झाली. तो शेतावर, तंबूत, उंटावर कुठेही नेता येऊ लागला. सीमेवर पुस्तक जप्त करता येतं, माणूस अडवता येतो. लहरी कोण अडवणार?

उम्म कुलसूमची एक गोष्ट सांगतात. क्रांतीनंतर काही अतिउत्साही लोकांनी तिची गाणी रेडिओवरून बंद केली, कारण ती राजा फारूकसाठीही गायली होती. नासेरला हे कळलं तेव्हा त्याने बंदी लगेच उठवायला लावली. खरंखोटं असो, गोष्टीतला हिशोब बरोबर आहे. लोक गाण्यासाठी येतात आणि भाषण ऐकून जातात. गाणं काढलं तर भाषणापुढे रिकाम्या खुर्च्या उरतात.

तेव्हा आपल्याकडे

हाच हिशोब त्याच वर्षांत दिल्लीत चुकला, आणि चुकवणारा मराठी माणूस होता. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. विद्वान माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरची सिनेगीतं जवळजवळ दिसेनाशी झाली.

लोकांची अभिरुची काही सुधारली नाही. लोकांनी रेडिओचा काटा फिरवला. रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धातला ताकदवान ट्रान्समीटर होता. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप कोलंबोला जायच्या आणि तिथून तो भारतभर ऐकू यायचा. आपलीच गाणी, आपलाच निवेदक, स्टेशन मात्र शेजारच्या देशाचं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

सिलोनने ही संधी जाहिरातींसाठी वापरली म्हणून आपण आज त्या आठवणी प्रेमाने काढतो. कैरोसारखं एखादं सरकार तिथे बसलं असतं तर? दर बुधवारी देशभरातला श्रोता आयता त्याच्या हातात होता.

एका नावाचा संकेत

कैरोने श्रोत्याचं काय केलं ते बघू.

ऑगस्ट १९५३ मध्ये फ्रेंचांनी मोरोक्कोचा सुलतान पाचवा मोहम्मद याला पदच्युत करून देशाबाहेर पाठवलं. ‘सौत अल-अरब’ रोज त्याची बाजू लावून धरू लागलं. १ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जीरियात फ्रेंचांविरुद्ध सशस्त्र उठाव सुरू झाला तेव्हा त्याची घोषणा कैरोच्या रेडिओवरून झाली. डिसेंबर १९५५ मध्ये ब्रिटनने जॉर्डनला बगदाद करारात ओढायला जनरल टेम्पलर यांना अम्मानला पाठवलं. कैरोने इतका गदारोळ केला की जॉर्डनमध्ये दंगली पेटल्या आणि करार बारगळला. तीनच महिन्यांनी, १ मार्च १९५६ ला, राजा हुसेनने आपल्या सैन्याचा ब्रिटिश प्रमुख ग्लब पाशा याला काढून टाकलं. या प्रत्येक घटनेमागे स्थानिक कारणं होतीच, रेडिओने लोकांच्या मनात राग निर्माण केला नाही. पण विखुरलेल्या रागाला त्याने एक आवाज आणि एक वेळापत्रक दिलं.

२६ जुलै १९५६ ची संध्याकाळ तर इंजिनिअर म्हणून मला फारच आवडते. अलेक्झांड्रियात नासेरचं भाषण होतं आणि ते रेडिओवर थेट ऐकवलं जात होतं. सुएझ कालवा कंपनीच्या कार्यालयांजवळ इंजिनिअर महमूद युनिस यांची माणसं रेडिओला कान लावून बसली होती. त्यांना एक संकेत दिलेला होता: भाषणात कालवा बांधणाऱ्या फ्रेंच माणसाचं, द लेसेप्सचं, नाव आलं की आत शिरायचं. नासेरने ते नाव घेतलं. कुणाकडून राहून जायला नको म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं. भाषण संपेपर्यंत कालवा ताब्यात आला होता. लाखो लोकांसाठी जे भाषण होतं, त्यातच मूठभर लोकांसाठी एक कमांड दडलेली होती.

ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलने मिळून हल्ला केला. ब्रिटिशांच्या दृष्टीने हा रेडिओ किती महत्त्वाचा होता ते यावरून कळतं की २ नोव्हेंबरला त्यांच्या विमानांनी कैरो रेडिओच्या अबू झाबल इथल्या ट्रान्समीटरवर बाँब टाकले. कैरो गप्प झालं. तेव्हा सीरियाच्या रेडिओवरून निवेदकाचा आवाज आला: ‘दमास्कसहून हे कैरो बोलत आहे.’ सर्व्हर पडला आणि शेजाऱ्याने आपण होऊन तो आपल्याकडून चालवायला घेतला. एका सरकारी रेडिओवर एवढं प्रेम मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

त्याच आठवड्यात ब्रिटिशांनी आपला एक रेडिओ स्वतःच्या हाताने मारला. सायप्रसहून चालणारं ‘शर्क अल-अदना’ हे अरबी स्टेशन १९४० च्या दशकापासून लोकप्रिय होतं. चांगली गाणी, चांगली नाटकं, अरब निवेदक. पडद्यामागे ब्रिटिश सरकार होतं. ऑक्टोबर १९५६ च्या अखेरीस सरकारने ते उघडपणे ताब्यात घेतलं, नाव ‘ब्रिटनचा आवाज’ ठेवलं आणि धमक्यांची भाषा सुरू केली. अरब कर्मचाऱ्यांनी साथ सोडली. दशकभर जमवलेला श्रोता काही दिवसांत उडाला.

आणि बीबीसी? पंतप्रधान ईडन यांच्या भाषणाला विरोधी पक्षनेते गेट्स्केल यांनी दिलेलं कडक उत्तर बीबीसीने प्रसारित केलं. युद्ध चालू असताना. ईडन संतापले. पण लंडनहून ऐकणाऱ्या अरब श्रोत्याला कळलं की या स्टेशनवर लंडनच्या सरकारलाही बोलणी बसू शकतात. फाशीच्या बातमीने सुरू झालेला हिशोब इथे पुन्हा जमेला लागला. ब्रिटन काही साधू नव्हतं. एकच देश एका हाताने ‘शर्क अल-अदना’ चालवत होता आणि दुसऱ्या हाताने बीबीसी. त्यातलं कुठलं टिकलं, एवढंच बघायचं.

पहिला सोमवार

कैरोचा रेडिओ कशावर पोसला गेला? इतर देशांबद्दल तो जे बोलत होता त्यात पुष्कळ खरं होतं. फ्रेंच अल्जीरियात अत्याचार करत होतेच. ब्रिटिश अधिकारी जॉर्डनचं सैन्य चालवत होतेच. हे त्या देशांच्या रेडिओवर कधी ऐकू यायचं नाही, म्हणून लोक कैरोकडे वळले. मात्र त्याच काळात इजिप्तमध्ये नासेरचे विरोधक तुरुंगात होते आणि १९६० मध्ये सगळी मोठी वर्तमानपत्रं सरकारच्या मालकीची झाली. ‘अरबांचा आवाज’ सगळ्या अरबांच्या सरकारांबद्दल बोलायचा, एक सोडून.

जोपर्यंत बातमी शेजारच्या घरातली होती तोपर्यंत हे चालून गेलं. ५ जून १९६७, सोमवार. सकाळी इस्राएलच्या विमानांनी इजिप्तच्या धावपट्ट्यांवर हल्ला केला आणि काही तासांत इजिप्तचं बहुतेक हवाईदल जमिनीवरच नष्ट केलं. आता बातमी कैरोच्याच घरातली होती. रेडिओवर अहमद सईदचा तोच गरजणारा आवाज सांगत राहिला की शत्रूची विमानं पडत आहेत, आपण जिंकत आहोत. पाडलेल्या विमानांचा आकडा दिवसभर वाढत गेला. अरब शहरांत लोक रस्त्यावर येऊन नाचले.

नुकसान फक्त श्रोत्यांचं झालं नाही. इजिप्तच्या लष्करप्रमुखांनी त्या सकाळी जॉर्डनलाही तसंच कळवलं होतं: इस्राएलची तीन चतुर्थांश विमानं नष्ट झाली. राजा हुसेन युद्धात उतरला आणि पूर्व जेरुसलेमसह वेस्ट बँक गमावून बसला. खोट्या आकड्यावर मित्राने देश पणाला लावला होता.

९ जूनच्या संध्याकाळी नासेर रेडिओ-टीव्हीवर आला, पराभव मान्य केला आणि राजीनामा जाहीर केला. लोकांनी रस्त्यावर उतरून त्याला थांबवलं. नासेरला लोकांनी माफ केलं, रेडिओला केलं नाही. अहमद सईदला त्याच वर्षी जावं लागलं. लष्कराने दिलेली निवेदनं वाचणं माझं काम होतं, असं तो पुढे सांगत राहिला. ते खरंही असेल. पण मंगळवारी आणि बुधवारी सत्य समजून घ्यायला कैरोतले लोक बीबीसी लावून बसले होते, आणि अहमद सईद हे नाव अरबीत पोकळ बढाईचं दुसरं नाव झालं.

उम्म कुलसूम मात्र टिकली. युद्धानंतर तिने देशोदेशी मैफली करून देशासाठी पैसा उभा केला. त्याच नोव्हेंबरमध्ये ती पॅरिसच्या ऑलिंपियात गायली. १९७५ मध्ये ती गेली तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखोंचा समुदाय होता. सरकारने तिच्या श्रोत्यांवर स्वार होऊन चौदा वर्षं राज्य केलं. श्रोते शेवटपर्यंत तिचेच होते.

काडेपेटी

आता कतारकडे. पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान देश. खाली प्रचंड नैसर्गिक वायू, बाजूला सौदी अरेबियासारखा अवाढव्य शेजारी. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा प्रत्येक छोट्या आखाती देशाला कळलं की पैसा असला म्हणजे सुरक्षित आहोत असं नाही. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली: शेजारी एक अख्खा देश गिळला गेला तरी सौदी माध्यमांनी सुरुवातीला ती बातमीच दिली नाही.

जून १९९५ मध्ये शेख हमद बिन खलिफा यांनी वडिलांना बाजूला सारून सत्ता घेतली. त्याच सुमारास बीबीसी एका सौदी कंपनीबरोबर अरबी टीव्ही वाहिनी चालवत होती. एप्रिल १९९६ मध्ये सौदीतल्या मृत्युदंडांवरचा कार्यक्रम दाखवल्यावर भागीदारी तुटली आणि वाहिनी बंद पडली. बीबीसीच्या शिस्तीत तयार झालेले शंभरावर अरब पत्रकार आणि तंत्रज्ञ एका फटक्यात रिकामे झाले. दोहाने त्यातल्या अनेकांना उचललं. १ नोव्हेंबर १९९६ रोजी ‘अल जझीरा’ सुरू झाली. अमीरने पाच वर्षांसाठी सुमारे १४ कोटी डॉलर दिले.

सुरुवातीला सिग्नल कमजोर होता. मग जुलै १९९७ मध्ये एक अपघात झाला. अरब उपग्रहावरच्या एका फ्रेंच वाहिनीने तांत्रिक चुकीमुळे मुलांच्या कार्यक्रमाच्या जागी अश्लील सिनेमा दाखवला, तोही सौदी घरांत. ती वाहिनी उपग्रहावरून हाकलली गेली आणि तिची जोरदार सिग्नलची जागा त्याच वर्षी अल जझीराला मिळाली. चुकीच्या टेपमुळे इतिहास वळण घेतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकलेला कुणीही हे मान्य करेल.

मग जे घडलं ते अरब टीव्हीवर कधीच घडलं नव्हतं. दोन विरोधी माणसं थेट प्रसारणात भांडू लागली. इस्राएली अधिकारी अरबीत मुलाखती देऊ लागले. प्रेक्षक फोन करून आपल्याच सरकारला शिव्या घालू लागले. सरकारं राजदूत परत बोलावू लागली. सौदीने २००२ मध्ये बोलावलेला राजदूत कित्येक वर्षं परत पाठवला नाही. इजिप्तचे अध्यक्ष मुबारक वाहिनीचं छोटंसं ऑफिस बघून उद्गारल्याचं सांगतात: एवढा सगळा आवाज या काडेपेटीतून येतो?

काडेपेटीने कतारला नकाशावर आणलं. मोठ्या शेजाऱ्यांना तिची दखल घ्यावी लागली आणि नक्कल करावी लागली. मार्च २००३ मध्ये सौदी पैशातून दुबईत ‘अल अरबिया’ सुरू झाली, २००४ मध्ये अमेरिकेने ‘अल हुर्रा’ काढली. त्याच अमेरिकेचा मोठा हवाई तळ कतारच्या अल उदैदमध्ये होता आणि त्याच अमेरिकेवर अल जझीरा टीका करत होती. छोट्या देशाने दोन्ही बाजूंना विमा उतरवून ठेवला होता.

आणि घरच्या बातम्या? २०११ मध्ये इजिप्त, लिबिया, सीरियात लोक रस्त्यावर आले तेव्हा अल जझीराने दिवसरात्र दाखवलं. तेव्हाच बहरीनमध्येही लोक रस्त्यावर आले होते. ते आंदोलन दाबायला मार्चमध्ये आखाती देशांचं सैन्य गेलं, ज्याला कतारचाही पाठिंबा होता. अरबी वाहिनीवर बहरीन अगदी पुसट दिसलं. अल जझीराच्या इंग्रजी वाहिनीने बहरीनवर एक उत्तम माहितीपट केला, पण तो अरबीत दाखवला गेला नाही. बहरीनच्या लोकांसाठी जी भाषा महत्त्वाची होती, नेमकी तीच वगळली गेली. २०१३ मध्ये इजिप्तमधल्या वीसेक कर्मचाऱ्यांनी वाहिनी मुस्लिम ब्रदरहूडची बाजू घेते असं म्हणत राजीनामे दिले. त्याच डिसेंबरात इंग्रजी वाहिनीच्या तीन पत्रकारांना इजिप्तने तुरुंगात टाकलं. दोह्यातले निर्णय दोह्यात झाले, किंमत कैरोच्या कोठडीत मोजली गेली.

दुसरा सोमवार

२३ मे २०१७ ची मध्यरात्र. कतारच्या सरकारी वृत्तसंस्थेची वेबसाइट हॅक झाली आणि तिच्यावर अमीरच्या तोंडी घातलेली खोटी विधानं आली, इराणचं कौतुक वगैरे. कतारने लगेच खुलासा केला. तरी सौदी आणि अमिरातीच्या वाहिन्यांनी ती विधानं रात्रभर चालवली. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले, जमीन, समुद्र आणि आकाश बंद केलं. तारीख तीच, पन्नास वर्षांनंतरची. वारही सोमवार.

माझा मावसभाऊ तेव्हा दोह्यात एका बांधकाम साइटवर सुपरवायझर होता. मावशी फोनवर रडत होती, तो हसत होता: ‘आई, फक्त दूध मिळत नाहीये.’ कतारचं दूध सौदीच्या रस्त्याने यायचं. मग तुर्कस्तान आणि इराणहून माल आला, नंतर विमानाने गाई आल्या. त्याने मला नंतर जे सांगितलं ते जास्त लक्षात राहिलं. त्याच्या खोलीत एक इजिप्शियन मुलगा होता. तो रात्री दोन्ही वाहिन्या आलटून पालटून लावायचा. एकच सीमा, तेच उभे ट्रक, आणि दोन वाहिन्यांवर दोन वेगळी जगं. ‘तो बिचारा कुणावर विश्वास ठेवू म्हणायचा, आणि आम्ही त्याला काय सांगणार? आम्ही व्हॉट्सॲपवर आलेलं मराठी वाचत होतो.’ त्यात विनोद नव्हता. त्याला नोकरी राहील का, सीमा उघडेल का, गावी जाता येईल का, हे सगळं त्या बातम्यांवर अवलंबून होतं. पलीकडे अमिरातीत तर कतारबद्दल सहानुभूती दाखवणारी पोस्ट लिहिली तरी १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास, असं सरकारने जाहीर केलं होतं.

जूनच्या अखेरीस १३ मागण्यांची यादी आली. त्यातली एक: अल जझीरा बंद करा. चार देशांनी एका वाहिनीसाठी देशाची नाकेबंदी करावी, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र सॉफ्ट पॉवरला मिळणार नाही. कतारने ऐकलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली, वाहिनी चालू राहिली. नासेरचा रेडिओ सोमवारी मेला, कतारचा टीव्ही सोमवारातून वाचला. फरक असा की पन्नास वर्षांपूर्वी कैरोने स्वतःच्या पराभवाबद्दल खोटं सांगितलं होतं. अल जझीरा घरच्या गोष्टींवर बहुतेक वेळा मौन बाळगते. मौन खोट्यापेक्षा जास्त टिकतं. पण बहरीनच्या माणसाला विचारा, त्याच्यासाठी ती वाहिनी २०११ मध्येच संपली होती.

तुमच्या हातातला ट्रान्झिस्टर

हे सगळं लांबचं वाटत असेल तर तुमचा फोन उघडा. देखणे, वेगवान कॅप्शनवाले जे छोटे व्हिडिओ आपण फॉरवर्ड करतो त्यातले कित्येक ‘एजे प्लस’चे असतात. ही अल जझीराचीच तरुणांसाठीची शाखा, २०१४ मध्ये सुरू झालेली. तुर्कस्तान, रशिया, चीन, जर्मनी, ब्रिटन, सगळ्यांच्या सरकारी पैशावरच्या वाहिन्या त्याच फीडमध्ये येऊन बसल्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी आपल्या देशातल्या वाहिन्या. यूट्यूब काही व्हिडिओंखाली पैसा कुठून येतो याची एक बारीक पट्टी दाखवतं. बोटाने वर सरकवताना ती कुणी वाचत नाही. आम्हीच स्क्रीन तशा बनवतो.

मी या वाहिन्या बंद करा असं म्हणणार नाही. गाझापासून सुदानपर्यंत अनेक ठिकाणच्या बातम्या अशाच वाहिन्यांमुळे आपल्यापर्यंत येतात, आणि त्या आणताना पत्रकार जीव गमावतात. अल्जीरियातल्या शेतकऱ्यासाठी १९५४ मध्ये कैरो रेडिओ हाच खिडकी होता. खिडकी दुसऱ्याच्या भिंतीत आहे म्हणून बाहेरचं दृश्य खोटं ठरत नाही.

मी फक्त १९३८ ची ती फाशीची बातमी आठवतो. प्रत्येक वाहिनी दुसऱ्याच्या घराबद्दल शूर असते, ते स्वस्त आहे. ज्याच्या पैशावर ती चालते त्याच्या घरात वाईट काही घडलं, तेव्हा तिने काय दाखवलं? आणि ते त्या घरातल्या माणसांच्या भाषेत दाखवलं का? हे शोधायला दोन मिनिटं लागतात. उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर गाणं जरूर ऐकावं, बातमी दुसरीकडे पडताळून घ्यावी. आपल्या देशातल्या वाहिन्यांनाही हीच चाचणी लावून बघा. मी लावली. निकाल तुमचा तुम्ही बघा.

पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये पुन्हा तोच प्रश्न येईल: माणसं परत आली का? अहमद सईदकडे चौदा वर्षं माणसं परत येत होती. त्या आकड्यात एक गोष्ट दिसली नसती: ती कशासाठी येत होती, आणि कशामुळे एका आठवड्यात कायमची जाणार होती.